पिचकारीचं शेपूट

११ डिसेंबर १९८५, बुध.
गुप्ते सरांनी आज शेवटचं सांगितलं. फेब्रुवारीअखेर पिल्लाचं शेपूट जाताना डोळ्यांसमोर दाखव, नाहीतर झुरळ घे. झुरळाचं आतडं म्हणजे आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात एम.फिल.चा राजमार्ग. माल आपण होऊन चालत येतो, कँटीनमधून.
मी म्हटलं, सर, मला अ‍ॅसिडियनच करायचेत, समुद्रात दगडाला चिकटलेले ते पिशवीसारखे जीव. आपल्या किनाऱ्यावरचे, जिवंत. सर म्हणाले, "अगं, पिल्लू पोहतं, दगडाला डोकं टेकतं, शेपूट गळतं, पिशवी होते. पुस्तकात आहे की सगळं."
"तुम्ही पाहिलंय, सर?"
ते म्हणाले, "तू?"
मीही नाही. म्हणजे अख्ख्या विभागात कोणी पाहिलेलं नाही, आणि दर वर्षी परीक्षेत आकृतीसह विचारतो. सर फळ्यावर ते पिल्लू रंगीत खडूंनी असं काढतात की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन बघतात. पण चित्रच ते.
विलासला सांगितलं तर म्हणाला, "झुरळ घे ना यार. आपल्या मोरीत पण आहेत, जायचा-यायचा त्रास नाही." नवरा म्हणून हा असा.

१२ डिसें., गुरु. अमावस्या
सकाळीच सांगितलं, आज संध्याकाळी खारदांड्याला उतरणार, ओहोटी मोठी आहे. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अवसेच्या दिवशी तिनसांजेक दर्यार? बरी असस मां गो?" मी म्हटलं, आई, समुद्र अवसेला नि पुनवेलाच सगळ्यात मागे जातो, मी काय करू? हे मात्र त्यांना पटलं. मालवणच्या बाजूच्या. लगेच बोटांवर तिथीची पाऊणपट काढून भरतीची वेळ सांगितली, तिच्यावरून ओहोटीची. मी छापील कोष्टकात पाहिली. वीस मिनिटांचा फरक. दोघीही आपापल्या वेळेवर ठाम.
(समुद्राने कोणाचं ऐकलं ते सांगत नाही.)
खडकांवर शेवाळ, दोनदा आपटले. दगड उलटले की खाली चपटे बुळबुळीत थर, केशरी, राखाडी. शेकडो जीव एका जेलीत. दोन मोठ्या एकट्या पिशव्याही मिळाल्या. एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. विचारलं, मावशी, ह्याला काय म्हणता तुम्ही?
"त्याला नाव कशाला? घान हाय ती."
घरी मोठी पिशवी बादलीतून उचलून वि.ला दाखवली. तिने बरोब्बर त्याच्या चष्म्यावर पाण्याची चिळकांडी मारली. तेव्हापासून घरात नाव पडलं: पिचकारी. कोळणीच्या नावापेक्षा बरं.

१३ डिसें., शुक्र.
आली!! पिल्लं आली!!
रात्रभर बादलीवर घोंगडी होती. सकाळी खिडकीत नेऊन उघडली, ऊन पाण्यावर पडलं, आणि केशरी थरांतून एक, मग दोन, मग किती तरी. खसखशीच्या दाण्याला शेपूट फुटावं तशी. उजेडाकडे धावतात. कॉलेजातून आणलेला एका डोळ्याचा मायक्रोस्कोप ओट्यावर लावला. पुस्तकी मराठीत यांना डिंभक म्हणतात. डिंभक! अशा चपळ पोराला असलं नाव कोणी ठेवलं असेल?
डोक्यात काळा ठिपका, तो डोळा. शेपटात मधोमध काचेसारखी कांडी, पाठीच्या कण्याची पहिली पायरी. वर मज्जारज्जू. सगळं जिथल्या तिथे. सरांच्या खडूने काढल्यासारखं, फक्त हलतंय.
आईंना बोलावलं. पदराने नाक दाबून आल्या. एक डोळा मिटायला जमेना, शेवटी मी हाताने धरला. मग हटेचनात.
"बेडकाची पोरां ती."
"नाही आई. बेडूक जवळचा. हे लांबचे, पण आपल्यातलेच. कणा आहे ना, तो आपल्या भावकीतला."
"भावकीतलां? मगे मोठा होवन ह्येचो असो शेंबूड कित्याक होता?"
हाच तर प्रश्न आहे. एवढं सगळं असून एका जागी बसायचं, पाणी ओढायचं, गाळून खायचं, पाणी सोडायचं. जन्मभर. शेपूट, डोळा, मेंदू, सगळं विरघळवून टाकायचं.
आज लेक्चर घ्यायला उशीर झाला. पर्वा नाही.

१४ डिसें., शनि.
सगळी मेली. शेपटासकट. एकही चिकटलं नाही. पोहली, दमली, तळाशी पडली. आई म्हणाल्या, "नजर लागली." माझीच लागली असेल, दिवसभर तेच करत होते.
रात्री पिल्लं ठेवायच्या काचेच्या पेट्री डिश पाहते तर लख्ख. आईंनी चिंच लावून, राख लावून घासून ठेवल्या होत्या. "घाणीची भांडी, म्हटलां नीट घासूक व्हयी." किती माया. मी नमस्कारच केला.

२२ डिसें., रवि.
बादलीतल्या थरांनी परत पिल्लं दिली. परत मेली. पाणी बदललं, बादली मोरीतून खिडकीत आणली, खिडकीतून मोरीत नेली. वि. म्हणतो, त्यांना जोगेश्वरीची हवा मानवत नाही, गुंफा बघायला ने एकदा.
आई मात्र एकनिष्ठ. रोज रात्री बशा घासतात. त्या पेट्री डिशला बशीच म्हणतात. आमच्या चहाच्या बशा एवढ्या चकचकीत कधी नव्हत्या.

२७ डिसें., शुक्र. पौर्णिमा
आई म्हणाल्या, आज मी येणार. मी म्हटलं, पडाल. त्या नऊवारीचा काष्टा मारून खडकांवर चालू लागल्या नि मी मागून, आई थांबा, आई थांबा. लहानपणी कालवं फोडायला जायच्या म्हणे. लग्न झालं, लालबागला आल्या, सासरे गिरणीत, मग इथे जोगेश्वरीला. समुद्रात पाय बुडवून किती वर्षं झाली ते त्यांना आठवेना.
मी दगड उलटत होते, त्या कालवं शोधत होत्या. एक मोठा खेकडा त्यांच्या अंगठ्याजवळून गेला तर त्याला मालवणीत अशी शिवी दिली की मी इथे लिहिणार नाही. परत येताना दोघींचं एकाच किटलीत. घरी निवडताना माझा सगळ्यात सुंदर केशरी तुकडा त्यांनी खवलेल्या नारळाजवळ ठेवला होता. वेळेवर दिसला. रात्री कालवांचं सुकं. वि.ने दोनदा विचारलं, नक्की कालवंच ना?
खूप हसलो. आईंना इतकं हसताना मी प्रथमच पाहिलं.

५ जाने. १९८६, रवि.
पौर्णिमेचीही गेली. सगळी. सर परवा स्टाफरूममध्ये विचारत होते, "काय, बसली का?" मान हलवली. त्यांनी झुरळांची बरणी माझ्या टेबलाजवळ सरकवली. प्रेमाने. तेच जास्त लागलं.
मग मात्र चहावर रंगले. म्हणाले, भांडण अजून मिटलेलं नाही बघ. काही म्हणतात, मूळ पूर्वज असेच दगडाला बसलेले होते. त्यांची काही पिल्लं मोठी व्हायचंच विसरली, बसलीच नाहीत, पोहतच राहिली, पोहता पोहताच त्यांना पोरं झाली. त्यांच्यातून मासे, बेडूक, आपण. दुसरे म्हणतात, छे, आधी पोहणारेच होते, हे नंतर आळशी झाले. मी म्हटलं, सर, तुमचं मत? म्हणाले, "मी शिकवताना पहिलं सांगतो. मुलांना आवडतं." हा माणूस झुरळावर कसा अडकला?
संध्याकाळी अख्खी बिल्डिंग गच्चीवर, धूमकेतू बघायला. कोणाला शेपूट दिसेना. वि. जोरात म्हणाला, आमच्या घरी या, शेकड्याने आहेत. सगळे हसले. मीही हसले, पण थोडंसंच.

१० जाने., शुक्र. अमावस्या
आई मंगळवारपासून लालबागला, वन्संकडे, संक्रांतीच्या तिळगुळाला हातभार लावायला. घर ओकंबोकं. मी एकटीच खारदांड्याला जाऊन आले. आल्यावर वरणभात, दुसरं काही करायचं त्राण नव्हतं. मोरीत भांड्यांचा ढीग. बशांमध्ये मंगळवारचं समुद्राचं पाणी तसंच, हात लावला तर बुळबुळीत. उद्या घासू.

११ जाने., शनि.
उठायला उशीर. पिल्लं सुटलीसुद्धा. बशा घासायला वेळ नव्हता. जुनं पाणी ओतून दिलं, ताजं भरलं, पिल्लं टाकली, धावत बस पकडली.
दुपारी परत येऊन पाहिलं. पाण्यात पोहणारं कोणीच नाही. म्हटलं, झालं, गेली. तळाकडे नीट पाहिलं. तळाला नि कडांना बारीक ठिपके, गोल, पारदर्शक, घट्ट चिकटलेले. सुईने ढकललं, हलत नाहीत.
शेपूट नाही. कोणालाच नाही!
बसली ती. माझ्या पाठीमागे बसली. मी बसमध्ये उभी असताना.
पण का? आज काय वेगळं...

१२ जाने., रवि.
कळलं. आता आईंना सांगायचं कसं?
काल रात्रभर डोकं खाजवलं. पाणी तेच, दगड तेच, खिडकी तीच. सकाळी बाकीच्या पिल्लांसाठी बशा काढल्या. दोन मी सवयीने घासल्या, चिंचेने, आईंच्या पद्धतीने. बाकीच्या तशाच. घासलेल्यांत पोहत राहिली नि मेली. न घासलेल्यांत बसली. आणखी एकदा केलं. तेच.
त्यांना चकचकीत काच नकोच असते. दगडावर कसा साका असतो, बारीक शेवाळाचा, जंतूंचा, तसा पाहिजे. तो लागला की समजतं, हं, ही जागा जगण्याजोगी आहे. आम्ही महिनाभर त्यांना पाहुण्यांच्या ताटासारखी बशी दिली, आणि ती बिचारी जागा शोधत शोधत मेली. मी एम.एस्सी. फर्स्ट क्लास. बशी कोण घासतंय याकडे लक्षच नाही, वर नमस्कार करते.

१३ जाने., सोम.
आई आल्या. तिळगुळाचा डबा ठेवला, पदर खोचला, थेट मोरीत. मी आडवी गेले. शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं.
"म्हणजे मी मारलंय?"
"नाही हो आई, तसं नाही..."
"माझ्या घासलेल्या भांड्यात मेली. मगे तसांच नाय?"
झालं. अबोला.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
आईंनी अख्ख्या बिल्डिंगला तिळगूळ दिला, प्रत्येकाला गोड बोला म्हणाल्या. माझ्याही हातावर ठेवला. न बोलता. वि. दारामागे तोंड दाबून हसत होता. मला रडू येत होतं नि हसूही.

१६ जाने., गुरु.
सकाळी ताक करताना आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विरजणाच्या मडक्याक आमी कधी राख लावणव नाय. नुसता पाण्यान हिसळतव. नायतर दही लागणा नाय."
मी म्हटलं, हो.
"ह्यां तसांच असात."
"अगदी तसंच, आई."
"मगे पयल्याच दिवशी असां सांगूचां नाय?"
पहिल्या दिवशी मला माहीत असतं तर! पण बोलले नाही. सुटले. आता बशा हा त्यांचा विभाग. कुठली किती दिवसांची, कुठली नुसती हिसळायची, सगळं त्या बघतात. माझ्यावरच ओरडल्या, साबणाचा हात लावलास म्हणून.

१९ जाने., रवि.
मुलुंडला माहेरी. आईचं नेहमीचं. लग्नाला दोन वर्षं झाली, नोकरी आहे, माणसं चांगली मिळाली, आता तो चिखल पुरे, जरा स्थिर हो. बाबा पेपरामागून, "करू दे गं तिला." आईने त्यांना पेपरासकट गप्प केलं.
परतीच्या बसमध्ये वाईट वाटत राहिलं. आई वाईट काही म्हणत नाही. पण मला ते बसलेलं पिल्लूच दिसतं. जागा चांगली मिळाली की डोळा विरघळवायचा, मेंदू विरघळवायचा. आमच्या वर्गातल्या हुशार मुली. त्यांतलीच सुमन. सगळ्यांची घरं चांगली आहेत. मला भीती वाटते, खरंच वाटते. वि.ला सांगितलं तर म्हणाला, "तुझा मेंदू विरघळायला लय वेळ लागेल, टणक आहे." त्याच्या परीने धीर दिला.

२६ जाने., रवि. पौर्णिमा
पाहिलं. पाहिलं. पाहिलं.
काल संध्याकाळी माल आणला, आज सुट्टी. अर्ध्या बशा आईंनी घासल्या, मनापासून, महिन्याची हौस भागवून घेतली. अर्ध्या जुन्या. एका जुन्या बशीतलं एकच पिल्लू धरून बसले, डोळा काढायचा नाही असं ठरवून.
आधी उजेडाकडे धावत होतं. मग काय मनात आलं, वळलं, सावलीकडे. बशीच्या कडेला नाक लावून पाहतं, सोडतं, पुन्हा लावतं. आईंची भाजी घ्यायची पद्धत. मग एकदा डोकं टेकलं ते टेकलं. शेपूट दोनतीनदा फडफडलं. थांबलं. मला वाटलं, मेलं. तोच शेपूट आखडायला लागलं. गळत नाही ते! आत जातं! कोणीतरी आतून दोरी ओढावी तसं, त्याचं वेटोळं होऊन पोटात जातं. चहा गार व्हायच्या आत बाहेर काही उरलं नाही. एक थेंब.
सर, गळत नाही, आत जातं! उद्याच सांगायचं.
आईंना दुसरं दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "टाकल्यान नाय मेल्यान. खाल्ल्यान."
खरंय. त्याच शेपटावर पुढचे दिवस काढतं, तोंड उघडेपर्यंत.
मग मी मुलुंडचं बोलून गेले, मला कशाची भीती वाटते ते. बोलल्यावर लाज वाटली, कारण त्यांना तर सोळाव्या वर्षी इथे आणून बसवलेलं. त्या कालवाची शिंपली पुसत होत्या, त्यात मीठ ठेवतात हल्ली. म्हणाल्या, "मी बसलंय तां खरां. पण मेलंय काय?"
"तसं नव्हतं म्हणायचं मला."
"माका ठावक असा. पण ती बसली ती पाणी ओढतत मां? सोडतत मां? मगे जिती असत." शिंपली जागेवर ठेवली नि म्हणाल्या, "माका कोणी इचारूक नाय, बसतलंस काय म्हणून. तुका इचारतत. तितको फरक."
मी जवळ जाऊन बसले.

२७ जाने., सोम.
सरांना सांगितलं. "आत जातं?" म्हणाले. "मग मी काय काढतोय इतकी वर्षं? बाणाने बाहेर पडताना काढतो मी." मग सावध झाले. सांगणं वेगळं, दाखवणं वेगळं. फोटो काढायला कॉलेजकडे यंत्र नाही. मी म्हटलं, घरी या. कोणी सर घरी येतात का असं प्रॅक्टिकल बघायला? पण म्हणाले, येतो. पुढल्या पौर्णिमेच्या आसपास, रविवारी. जोगेश्वरीला स्टेशनच्या कुठल्या बाजूला?
नाहीतर झुरळ, हेही म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले.

२२ फेब्रु., शनि.
उद्या सर. आज माल आणून घरात शिरते तो आईंचा आवाज जिन्यापर्यंत.
"तुका कोणी सांगल्यान बशे धुवूक? जल्मात कधी कप हिसळूक नाय, नि आजच तुका सुचला?"
वि. मोरीच्या दारात, हात फेसाने भरलेले, तोंड पांढरं. उद्या बायकोचे सर येणार म्हणून याने उत्साहाने सगळ्या बशा धुतल्या. साबणाने. नि वर पुसून, रांगेत, उपड्या. "मी मदत करत होतो यार!" बिचारा. हा एवढा एकच नवरा असेल ज्याने भांडी घासली म्हणून आईकडून बोलणी खाल्ली.
मी ओट्याला टेकले. बारा दिवसांचा साका गेला. उद्या सकाळी सर. वाट लागली.
एक वाचली. आईंनी खिडकीच्या पडद्यामागे ठेवली होती, वि.ला दिसलीच नाही. तिच्यात मागच्या अमावस्येची पोरं बसलेली. कडेला रिकामी जागा आहे थोडी. एवढ्यावरच.
वि.ने रात्री सगळ्यांसाठी भेळ आणली. आईंनी खाल्ली, पण त्याच्याकडे बघून नाही.

२३ फेब्रु., रवि.
सर वेळेआधी आले. हातात केळी. आईंनी पाट मांडला, मी खुर्ची, ते ओट्याशी उभेच. पिल्लं सुटायला वेळ लावत होती. सर म्हणाले, "सवड आहे मला," पण रुमालाने तीनदा कपाळ पुसलं.
सुटली. पडद्यामागच्या बशीत टाकली. सरांना डोळा लावायला दिला नि मी मागे उभी राहिले. काही दिसत नव्हतं मला. फक्त सरांची पाठ. ती वाकत गेली, वाकत गेली. आई चहा घेऊन आल्या, मी खुणेनेच थांबवलं.
मध्येच सर पुटपुटले, "टेकलं." मग एकदम, "आत! आत चाललंय!"
चहा परत गरम करावा लागला. दोनदा.
मग मी बशी जरा सरकवली, तिथे बसलेल्यांपैकी एक, काचेसारखं आरपार. हृदय दिसतं त्याचं, बारीक नळी, एका बाजूकडून दुसरीकडे लाट. सर बघत होते. ते थांबलं. मला ठाऊक आहे थांबतं, सरांनाही पुस्तकातून ठाऊक. तरी ते श्वास धरून उभे. मग लाट उलट्या बाजूने सुरू झाली. सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कॉलेजात कधी ऐकलेला नाही. लहान मुलासारखा. चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं, जिंकले.
चहा पिऊन झाला नि म्हणाले, "शुभांगी, मी तुझा गाइड राहू शकत नाही."
मी कप गोळा करता करता थांबले.
"मला याचं चित्र येतं, प्राणी येत नाही. झुरळ येतं." मग सांगितलं. रत्नागिरीच्या पुढे, समुद्राला लागून एक लहान प्रयोगशाळा आहे. त्यांच्याबरोबर शिकलेल्या एक बाई तिथे आहेत, जिवंत अ‍ॅसिडियन पाळतात, टाक्यांमधून. सर उद्याच त्यांना कळवायला तयार आहेत. वर्षभर तिथे राहावं लागेल. इथली तात्पुरती नोकरी जाईल, ती परत मिळेलच असं नाही. "नको असेल तर झुरळ कर. वाईट नाही ते. मी नीट करून घेईन. शनिवारपर्यंत सांग."
जाताना दारात चप्पल घालता घालता परत आत आले. "एकदा बघू का?" परत बघितलं, मग गेले.

२४ फेब्रु., सोम.
वि. आज ऑफिसातून आला, म्हणाला, "एक वर्ष म्हणजे किती, शुभा?" मी म्हटलं, एक वर्ष. "हं." मग, "मी येईन मधून मधून. एसटीने. रात्रीची असेल ना गाडी?" मग, "नको म्हणू का मी? म्हटलं तर राहशील?" मी म्हटलं, राहीन बहुतेक, नि तुझ्यावर चिडेन. "ते नको," म्हणाला. मला त्याची फार दया आली. प्रेमही आलं. नक्की काय करायचं ते मात्र काल होतं तिथेच.
जावंसं वाटतं. भीतीही वाटते. इथे माझी माणसं, माझी खिडकी. तिथे मला कोण ओळखतं? बसलेल्याला उठता येत नाही असं वर्गात शिकवते मी. मी काय बसलेय का अजून? ठरवता येत नाही.
आईंना विचारलं नाही. त्यांनी सगळं ऐकलंय. तांदूळ निवडत होत्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. वाटलं, दुखावल्या. सून वर्षभर बाहेर, लोक काय म्हणतील.

२५ फेब्रु., मंगळ.
कॉलेजातून आले तर वि. स्टुलावर चढून माळ्यात डोकं घालून. धुळीने माखलेला. वरून ट्रंक खाली देतोय, आई खालून धरतायत. त्यांच्या लग्नातली हिरवी पत्र्याची ट्रंक.
मला वाटलं माझ्यासाठी. म्हटलं, आई, अजून काहीच ठरलं नाहीये हो. सरांना शनिवारी सांगायचंय. मी जाईनच असं नाही.
"मग ही धूळ मी कशाला खातोय?" वि. वरून.
आई ट्रंक ओल्या फडक्याने पुसत होत्या. कोपरे, कडी, झाकण. आतून स्वतःची दोन लुगडी काढून उन्हाच्या वासाची आहेत का बघितली, परत ठेवली. मान वर न करता म्हणाल्या,
"रत्नागिरीक जावचा तिचा ठरांदे तेव्हा ठरांदे. माझा ठरला."